पंचनामा आधी आपल्या कचेरीचा

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. प्रबंधासाठी मेक्सिको निवडलास ते बरं केलंस. विषय जड आहे, पण तुला झेपेल. सोबत तू एल साल्वादोरच्या त्या महाकाय तुरुंगाचा व्हिडिओ जोडला आहेस. मुंडण केलेली, अंगभर गोंदलेली पोरं, माना खाली घालून एकमेकांना खेटून बसवलेली. आणि खाली तुझी एकच ओळ: "सर, सगळं करून थकल्यावर शेवटी हाच उपाय उरतो ना?"

त्या ओळीकडे येईन, पण शेवटी. चेंबरमध्ये असताना चार्जशीट मागून वाचायची सवय तुला मीच लावली. आधी मुद्देमालाची यादी, मग जबाब, मग पंचनामे, आणि फिर्यादीची कहाणी सगळ्यात शेवटी. कारण कहाणी चटकदार असते आणि आपल्याला ओढून नेते. कार्टेलच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या बड्या टोळ्यांच्या, बाबतीत तर फारच. सोन्याची पिस्तुलं, खासगी प्राणिसंग्रहालयं, तुरुंगाखालचे बोगदे यांतच वाचणारा गुंततो, आणि बोगदा खणला जात असताना ज्याने कानांवर हात ठेवले त्याचं नाव कुठे येतच नाही.

म्हणून तुझा पहिला आरोपी सिनालोआ कार्टेलचा म्होरक्या एल चापो नव्हे. तो हेनारो गार्सिया लूना. २००६ ते २०१२ या काळात हा माणूस मेक्सिकोचा सार्वजनिक सुरक्षा मंत्री होता. संघीय पोलीस त्याच्या हाताखाली, आणि अमली पदार्थांविरुद्धच्या त्या गाजलेल्या 'युद्धा'चा तोच चेहरा. डिसेंबर २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत डॅलसला अटक झाली, फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रुकलिनच्या ज्युरीने दोषी ठरवलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ३८ वर्षांहून जास्त शिक्षा झाली. काय सिद्ध झालं? सिनालोआ कार्टेलकडून लाखो डॉलर घेऊन त्यांचा माल सुखरूप जाऊ देणं, छाप्यांची आगाऊ खबर पोचवणं आणि त्यांच्या विरोधी टोळ्यांवर पोलीस सोडणं. हे तिसरं कलम दोनदा वाच. त्या छाप्यांत पकडलेला माल खरा होता, बेड्या पडलेले गुंड खरे होते, टीव्हीवर झळकलेले आकडेही खरे होते. फक्त कोणाला धरायचं ही यादी दुसऱ्या टोळीने दिलेली होती.

हा एकटा असता तर अपवाद म्हणून सोडून देता आला असता. पण १९८५ साली ग्वादालाहारात एनरिके कामारेना या अमेरिकी अधिकाऱ्याला पळवून, हालहाल करून मारलं, तेव्हा मेक्सिकोच्या केंद्रीय गुप्तचर खात्याची ओळखपत्रं तस्करांच्या खिशांत निघाली, आणि ते खातंच गुंडाळावं लागलं. १९९७ च्या फेब्रुवारीत अमली पदार्थविरोधी संस्थेचा प्रमुख, जनरल हेसुस गुतिएरेस रेबोयो, पदावर पुरता स्थिरावण्याआधीच पकडला गेला. हुआरेस कार्टेलच्या म्होरक्याशी त्याचं साटंलोटं होतं. अटकेच्या थोडेच आठवडे आधी वॉशिंग्टनमध्ये त्याच्या सचोटीचे गोडवे गायले गेले होते. ती संस्थाही बरखास्त झाली. मग २००१ मध्ये एफबीआयच्या धर्तीवर नवीकोरी तपास यंत्रणा काढली. तिचा प्रमुख कोण नेमला? गार्सिया लूना. २०१९ मध्ये संघीय पोलीस दलही मोडीत काढून नॅशनल गार्ड आणलं आणि आता तेही लष्कराच्या हाती दिलं आहे. दर वेळी पाटी नवी, गणवेश नवा, गाड्या नव्या. आतली बढती, बदली, पगार, चौकशी यांची पद्धत मात्र तीच. कुंपणच शेत खात असेल तर कुंपणाला रंग देऊन काय होणार?

आता हिंसेबद्दल. भ्रष्टाचार जितका जास्त तितके खून जास्त, असं सोपं त्रैराशिक मांडू नकोस. पीआरआय या एकाच पक्षाने मेक्सिकोवर १९२९ पासून २००० पर्यंत राज्य केलं. भ्रष्टाचार तेव्हाही हाडीमासी मुरलेला होता, पण हप्ता एकाच खिडकीवर भरायचा असे. कोणत्या शहरातून कोणाचा माल जाणार हे वरून ठरे. ज्याला ती हद्द मिळाली तो पैसे पोचवी, आणि रस्त्यावर फार मुडदे पडू नयेत एवढी त्याच्याकडून अपेक्षा असे. मग निवडणुका खऱ्या होऊ लागल्या. केंद्रात एक पक्ष, राज्यात दुसरा, नगरपालिकेत तिसरा. लोकशाहीच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण पोलीस, सरकारी वकील आणि तुरुंग मात्र जुनेच राहिले. आता एकाला पैसे चारून भागेना. संरक्षण विकणारे दहा झाले आणि एकाचाही शब्द खात्रीचा नाही, म्हटल्यावर टोळ्यांनी स्वतःच्या फौजा बाळगल्या. गल्फ कार्टेलने तर १९९० च्या दशकाच्या अखेरीलाच लष्कराच्या विशेष दलातून फुटलेले जवान घेऊन 'लोस सेतास' उभे केले होते.

या सगळ्यावर फेलिपे काल्देरोन यांनी डिसेंबर २००६ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेऊन दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, मिचोआकान राज्यात हजारो सैनिक उतरवले. २००७ मध्ये देशभरात सुमारे ८,९०० खून झाले होते. २०११ मध्ये २७,००० च्या वर. मधे थोडे उतरले, आणि २०१८ मध्ये ३६,००० च्या पुढे गेले. धोरण होतं म्होरके टिपायचं, आणि म्होरके टिपलेही. पण म्होरक्या गेला की दुसऱ्या फळीत वारसाहक्काचा दावा उभा राहतो, आणि हा दावा काही दिवाणी कोर्टात चालत नाही. अगदी अलीकडचं उदाहरण घे. जुलै २०२४ मध्ये इस्माएल साम्बादा हा सिनालोआचा म्हातारा सूत्रधार अमेरिकेच्या हाती लागला. सप्टेंबरपासून कुलियाकान शहरात त्याचा गट आणि एल चापोच्या मुलांचा गट यांनी एकमेकांचे गळे कापायला सुरुवात केली. ज्या लहान टोळ्यांना माल सीमेपार न्यायची ऐपत उरली नाही त्या खंडणीवर उतरल्या. मिचोआकानमधले ॲव्होकाडो आणि लिंबाचे बागायतदार किलोमागे हप्ता मोजू लागले.

एक प्रसंग तुझ्या टिपणात असायलाच हवा. डिसेंबर २००९ मध्ये कुएर्नावाकात आर्तुरो बेल्त्रान लेय्वा हा बडा म्होरक्या नौदलाच्या कारवाईत मारला गेला. त्यात एक नौसैनिकही गेला. सरकारी इतमामात त्याचा अंत्यविधी झाला, नाव छापून आलं, फोटो आले. दफनानंतर काही तासांत त्याच्या घरात घुसून त्याची आई, बहीण, भाऊ आणि नात्यातली आणखी एक बाई यांना गोळ्या घातल्या. शूर माणूस पुढे करायचा आणि त्याच्या घराचा पत्ता उघडा टाकायचा, हे सरकारच्या मोठ्या अपयशांपैकी एक आहे. साक्षीदारांचं तर विचारूच नको.

आणि मग इग्वाला. २६ सप्टेंबर २०१४ ची रात्र, गेरेरो राज्य. आयोत्सिनापाच्या ग्रामीण अध्यापक विद्यालयातली मुलं (आपल्याकडचं डी.एड. कॉलेज समज) २ ऑक्टोबरच्या मोर्चाला जाण्यासाठी बस ताब्यात घेऊन निघाली होती. १९६८ मध्ये त्लातेलोल्को चौकात मारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या आठवणीत हा मोर्चा दर वर्षी निघतो. बस अडवल्या कोणी, तर नगरपालिकेच्या पोलिसांनी. गोळ्या झाडल्या त्यांनीच. आणि ४३ मुलांना गाड्यांत कोंबून एका स्थानिक टोळीच्या हवाली केलं तेही त्यांनीच. इतक्या वर्षांत त्यांतल्या फक्त तिघांचे अवशेष ओळख पटून मिळाले आहेत.

त्यानंतर सरकारने जे केलं ते आपल्या धंद्यातल्या माणसाने मुद्दाम अभ्यासावं असं आहे. लोक रस्त्यावर उतरले होते, सरकारला निकाल झटपट हवा होता. कबुल्या पाहिजेत? मारून घेतल्या. ॲटर्नी जनरलने पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की सगळी मुलं कोकुलाच्या कचरा डेपोत जाळली, आणि हेच 'ऐतिहासिक सत्य' आहे. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी ती गोष्ट शास्त्रापुढे टिकत नाही हे दाखवून दिलं. पुढे कबुल्या छळ करून घेतल्या म्हणून कोर्टांनी पुरावा नाकारला आणि आरोपी डझनांनी सुटले. त्यांत निरपराध होते, आणि हात रंगलेलेही असणार. आता कोणता कोण हे कोण सांगणार? तो ॲटर्नी जनरल, हेसुस मुरियो काराम, ऑगस्ट २०२२ मध्ये स्वतःच अटकेत गेला.

तुला आपली एनडीपीएसची, म्हणजे अमली पदार्थ कायद्याची, कोर्टं आठवत असतील. माल खरा, आरोपी खरा, वजन बरोबर. बचावाचा वकील चष्मा पुसत उठतो आणि विचारतो, "जप्तीनंतर पितळी शिक्का कोणाच्या ताब्यात होता?" फौजदार म्हणतो, "माझ्याच." "आणि सीलबंद पाकिटं?" "तीही माझ्याच कपाटात." मुद्देमाल रजिस्टरमधली नोंद दोन दिवस उशिराची. प्रयोगशाळेच्या पत्रावर शिक्क्याचा नमुना ठसाच नाही. पंच म्हणजे पोलीस ठाण्यासमोरचा पानपट्टीवाला, ज्याची सही त्या ठाण्याच्या निम्म्या पंचनाम्यांवर असते. संपला खटला. बाहेर लोक म्हणतात, जज विकला गेला. जज विकला गेलेला नसतो. लाख, सुतळी आणि सहीचं काम कोणीतरी ढिसाळ केलेलं असतं. कधी अडाणीपणाने, आणि कधी, हे आपण दोघंही जाणतो, पैसे घेऊन. बेपर्वाई आणि लाच बाहेरून अगदी सारखी दिसतात, आणि लाच खाणाऱ्याला यापेक्षा चांगला आडोसा दुसरा नाही. म्हणून मी तुला रजिस्टरच्या तारखा जुळवायला बसवत होतो आणि तू कंटाळत होतीस. जिथे रोजचं काम चोख असतं तिथे मुद्दाम केलेली चूक लगेच उठून दिसते.

मेक्सिकोत दहातले नऊ गुन्हे शिक्षेपर्यंत पोचत नाहीत. २००८ मध्ये त्यांनी घटना बदलून कागदी, बंद दारांआडच्या खटल्यांऐवजी आपल्यासारखे उघड, तोंडी खटले आणायचं ठरवलं, आणि त्यासाठी आठ वर्षांची मुदत ठेवली. कोर्टांच्या नव्या इमारती झाल्या, न्यायाधीशांना शिकवलं गेलं. पण गुन्ह्याच्या जागी सगळ्यात आधी पोचणाऱ्या पोलिसाला पुरावा कसा जपायचा हे शिकवायला, आणि त्याच्या खिशात बऱ्यापैकी पगार घालायला, सरकारचा हात आखडताच राहिला. २०२५ च्या जूनमध्ये तर त्यांनी न्यायाधीशच मतदानाने निवडले. शंभरातले तेरा लोक मताला आले. एवढ्या कमी मतांवर न्यायाधीश होता येत असेल तर ती मतं गोळा करून देणारा कोण असेल, याचा विचार तुझ्या एखाद्या प्रकरणात कर.

सरकार जे करत नाही ते तिथल्या आया करतात. बेपत्ता लोकांची अधिकृत नोंद मे २०२२ मध्ये एक लाखाच्या पुढे गेली. या बायका गट करून माळरानांवर जातात, टोकदार लोखंडी सळई जमिनीत ठोकतात, वर काढतात आणि टोकाचा वास घेतात. खाली कुजलेलं काही असलं तर सळई सांगते. मग खुणेचं निशाण, मग फावडं, आणि सगळ्यात शेवटी सरकारी माणूस. त्यांच्यातल्याही काही जणी मारल्या गेल्या आहेत. तुला तपासाची पद्धत, चिकाटी आणि नोंदी बघायच्या असतील तर मंत्रालयाच्या अहवालाआधी या गटांच्या वह्या बघ.

आता जिथे थोडं जमलं तिथे येतो. पालेर्मो. सिसिलीचा माफिया म्हणजे कार्टेल नव्हे, मान्य. पण १९७०-८० च्या दशकांत अमेरिकेत जाणाऱ्या हेरॉइनमधला मोठा वाटा त्यांचा होता, आणि शहराची बांधकामं, कंत्राटं, मतं त्यांच्या मुठीत होती. जोव्हान्नी फाल्कोने या तपास न्यायाधीशाने १९८० च्या सुमारास स्पातोला नावाच्या बिल्डरचं प्रकरण हाती घेतलं, तेव्हा त्याने पिस्तुलं शोधली नाहीत. बँकांना पत्रं लिहून डॉलर बदलून घेतल्याच्या पावत्या मागवल्या आणि त्या हाताने लावत बसला. हेरॉइन अमेरिकेला गेलं की डॉलर पालेर्मोला येणार, आणि डॉलरचे इटलीचे लिरा होताना कुठेतरी सही पडणारच. त्या पावत्यांनी टोळ्यांची नाती उघडी केली.

याहून मोठी गोष्ट त्याच्या कचेरीची रचना. जुलै १९८३ मध्ये त्यांचा वरिष्ठ रोक्को किन्निची बॉम्बने उडवला गेला. त्याच्या जागी आलेल्या अंतोनिनो कापोन्नेत्तो यांनी तपास एकाच्या टेबलावर ठेवायचं बंद केलं. चार न्यायाधीशांचा गट, सगळ्यांना सगळी फाइल माहीत. म्हणजे एकाला मारून किंवा विकत घेऊन प्रकरण मरत नाही. तुझ्या प्रबंधाला मणका हवा असेल तर तो इथे आहे. शूर माणसाच्या भरवशावर देश चालवायचा नाही. माणूस गेला तरी फाइल चालू राहील अशी व्यवस्था करायची.

कायदाही रक्त सांडल्यावरच झाला. पिओ ला तोर्रे या खासदाराने, माफियात असणं हाच गुन्हा ठरवणारा आणि त्यांची मालमत्ता जप्त करू देणारा कायदा मांडला. ३० एप्रिल १९८२ ला त्याला मारलं. ३ सप्टेंबरला पालेर्मोचे प्रीफेक्ट, म्हणजे केंद्र सरकारचे तिथले प्रतिनिधी, जनरल दाल्ला किएझा यांना मारलं. मग दहा दिवसांत कायदा मंजूर. वरातीमागून घोडं, पण आलं. १९८६ मध्ये उच्चार्दोने तुरुंगाला लागून बांधलेल्या बंकरवजा कोर्टात ४७५ आरोपींवर खटला उभा राहिला. १९८७ च्या डिसेंबरमध्ये तीनशेहून जास्त जणांना शिक्षा झाल्या. शंभरावर सुटलेही, आणि माझ्या मते त्या खटल्याची खरी पत तिथे दिसते. ३० जानेवारी १९९२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. त्याच वर्षी मे महिन्यात फाल्कोने, त्यांची पत्नी आणि तीन अंगरक्षक महामार्गाखालच्या स्फोटात गेले. जुलैत त्यांचे सहकारी न्यायाधीश पाओलो बोर्सेल्लीनो आणि पाच अंगरक्षक. पण तोवर पद्धत बसली होती, आणि पालेर्मोच्या लोकांनी घरांच्या सज्जांवरून पांढऱ्या चादरी टांगून राग उघड दाखवला. वीस वर्षांहून जास्त फरारी असलेला माफियाचा म्होरक्या तोतो रीना जानेवारी १९९३ मध्ये सापडला, तोही पालेर्मोतच. इटलीत १९९१ साली सुमारे १,९०० खून झाले होते. आता वर्षाला साडेतीनशेच्या आत होतात. १९९६ च्या कायद्याने जप्त जमिनी सहकारी संस्थांना मिळाल्या, आणि त्यांवर पिकलेल्या गव्हाचा पास्ता दुकानात मिळतो. याचा अर्थ सगळं आलबेल झालं असा नाही. दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाची एन्द्रांगेता ही माफिया संघटना त्याच काळात गुपचूप वाढली आणि युरोपातल्या कोकेनच्या धंद्यात पुढे गेली.

आपला १९९९ चा मोक्काही याच जातकुळीचा. टोळीचं सदस्यत्व गुन्हा, मालमत्ता जप्त करायची तरतूद, सगळं कागदावर आहे. 'अमुक टोळीवर मोक्का' ही बातमी तू शेकडो वेळा वाचली असशील. टोळीची इमारत जप्त होऊन तिथे अंगणवाडी निघाली, ही बातमी कधी वाचलीस? आणि ज्या काळात मुंबईत एन्काउंटरवाल्या अधिकाऱ्यांचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येत होते, त्या काळात कोणत्या टोळीची माणसं जास्त पडली आणि का, हा प्रश्न कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये सगळे विचारायचे. व्यासपीठावर कोणी विचारायचं नाही.

पैशाच्या बाबतीत एवढंच: फक्त मेक्सिकोकडे बोट दाखवू नकोस. अमेरिकेतल्या वाकोव्हिया बँकेने मेक्सिकोच्या चलन विनिमय दुकानांतून येणाऱ्या अब्जावधी डॉलरवर नीट लक्ष ठेवलं नाही, आणि २०१० मध्ये १६ कोटी डॉलर भरून सुटली. एचएसबीसीने २०१२ मध्ये १९० कोटी डॉलर भरले. तुरुंगात एकही बँकवाला गेला नाही. गुन्ह्यांत सापडलेल्या आणि माग काढता आलेल्या बंदुकांमधल्या बहुतेक अमेरिकेतून येतात. आणि आपण तरी कुठे नामानिराळे आहोत? फेंटानिल या जीवघेण्या नशेचा कच्चा माल पाठवल्याबद्दल २०२५ मध्ये भारतातल्या रसायन कंपन्यांवरही अमेरिकेत आरोपपत्रं दाखल झाली.

कोलंबियाबद्दल तू लिहिलंस की मेदेयीनने केबल कार आणि ग्रंथालयं बांधून गुन्हेगारी संपवली. हे पर्यटन खात्याचं वाक्य आहे, खोडून टाक. १९९१ मध्ये त्या शहरात लाखामागे पावणेचारशेहून जास्त खून होत होते. आता पंधराच्या आत होतात. सुधारणा खरीच आहे. २००४ ची केबल कार डोंगरावरच्या वस्त्यांना शहराशी जोडून गेली, तीही खरी. पण मधल्या वर्षांत खून घटले त्याचं एक कारण असं की 'डॉन बेर्ना' नावाच्या एकाच दादाने सगळ्या टोळ्या मुठीत घेतल्या होत्या. २००८ मध्ये त्याला अमेरिकेच्या हवाली केलं आणि पुढच्याच वर्षी खून दुपटीच्या आसपास गेले. २००२ मध्ये लष्कराने निमलष्करी टोळीच्या साथीने 'साफ' केलेल्या तेराव्या प्रभागातल्या बेपत्ता लोकांची हाडं डिसेंबर २०२४ मध्ये ला एस्कोम्ब्रेराच्या मलब्याच्या ढिगाऱ्यात सापडू लागली. शांतता कोणाच्या हुकमाने आहे हे विचारल्याशिवाय खुनाचा आकडा वापरायचा नाही. आणि कोका, म्हणजे कोकेनचं पीक? २०२३ मध्ये कोलंबियातली लागवड अडीच लाख हेक्टरांच्या वर, तोवरची सर्वाधिक. नशा संपवू म्हणणारं सरकार हरणारच. खून आणि लाच कमी करू म्हणणाऱ्याला निदान काही करता येतं.

आता तुझी ओळ. एल साल्वादोरमध्ये २०१५ साली लाखामागे शंभरावर खून होत होते. आज ते अगदी नगण्य आहेत. तिथली आई संध्याकाळी मुलाला दुकानात पाठवू शकते, आणि तिच्या सुटकेच्या श्वासाला आपण नाकं मुरडायची नाहीत. पण तपशील बघ. तिथल्या टोळ्या गल्लीतल्या खंडणीवर जगणाऱ्या, गरीब, एका छोट्या देशात कोंडलेल्या होत्या. मार्च २०२२ पासून लागू असलेल्या आणीबाणीत ऐंशी हजारांहून जास्त लोक आत गेले. कोण निरपराध हे ठरवायची गरज सरकारला वाटली नाही. आणि त्याच्याही आधी, मे २०२१ मध्ये, घटनापीठाचे न्यायाधीश आणि ॲटर्नी जनरल घरी पाठवले गेले. सरकार टोळ्यांशी आतून बोलणी करतंय का, याचा तपास त्याच ॲटर्नी जनरलचं कार्यालय करत होतं.

आता हीच योजना मेक्सिकोला लावून बघ. समज, २००८ साली मेक्सिकोने वॉरंट, वकील, जामीन, अपील सगळं बाजूला ठेवून, कोणालाही उचलायचा अधिकार एका कर्तबगार सुरक्षा मंत्र्याला दिला असता. त्या साली तो मंत्री कोण होता, हे मी वर लिहिलं आहे.

म्हणून तू विचारलेल्या 'काय करायचं' याचं माझं उत्तर कंटाळवाणं आहे. लष्कर लागलं तर लावा, साक्षीदाराच्या दारावर आणि कोर्टाच्या फाटकावर. तपासाला मात्र लावू नका. जिल्ह्यातल्या सरकारी वकिलांच्या कचेऱ्या आधी हाती घ्या: एका फाइलवर एकापेक्षा जास्त माणसं, अधिकाऱ्यांच्या मालमत्तेची दर वर्षी खरोखरची तपासणी, आणि पोलिसाला इतका पगार की लाच घेणं ही त्याची निवड ठरेल, गरज नव्हे. नगरपालिकेपासून सुरुवात करा, कारण इग्वालाचे पोलीस नगरपालिकेचे होते. राष्ट्राध्यक्षाची मुदत सहा वर्षांची आणि असल्या कामाला लागतात वीस, ही खरी अडचण आहे. तिच्यावर माझ्याकडे तोडगा नाही. कोणाकडे असल्याचं ऐकिवातही नाही.

प्रबंधाचं पहिलं प्रकरण इतिहासाचं नको, सरकारी वकिलांच्या कचेरीचं कर. गार्सिया लूनाच्या खटल्याची साक्ष वाच, पण एक भान ठेव: त्यातले महत्त्वाचे साक्षीदार शिक्षा कमी करून घ्यायला आलेले गुन्हेगार होते, तेव्हा प्रत्येकाची उलटतपासणी वाचल्याशिवाय एकही वाक्य उचलू नकोस. विशेषणं कमी कर. 'नृशंस' हा शब्द तुझ्या चार पानांत सहा वेळा आला आहे.

आणि कुलियाकानला जायचं नाही. हा सल्ला नाही, हुकूम समज. मेक्सिको सिटीत बसूनच पुष्कळ काम होईल. त्या शोध घेणाऱ्या बायकांशी बोलशील तेव्हा त्यांच्या ओळखीच्या संस्थेमार्फतच बोल, फोनमध्ये नावं साठवू नकोस, आणि लिहिताना नुसतं नाव बदलून थांबू नकोस. गाव, मुलाचं वय, तो नाहीसा झाल्याची तारीख, सगळं बदल. लहान गावात एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. मार्गदर्शकांकडून या अटी लेखी मंजूर करून घे आणि त्याची प्रत मला पाठव.

तुझा,
सर